माया अँड द थ्री: बळी मागणारे देव आणि नाही म्हणणारी पोरगी

नेटफ्लिक्सवर 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आलेली 'माया अँड द थ्री' ही अ‍ॅनिमेशन मालिका आम्ही घरी सगळ्यांनी मिळून बघितली, म्हणजे मी, माझी नऊ वर्षांची लेक आणि सुट्टीला आलेला बारा वर्षांचा भाचा, आणि मला हे आधीच सांगून टाकायचंय की मुलांसाठी केलेलं इतकं मनापासूनचं काम मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. नऊ भाग आहेत, एक भाग साधारण अर्धा-पाऊण तासाचा, आणि गोष्ट नवव्या भागात संपते, पूर्ण संपते, पुढच्या सीझनसाठी काही लटकवून ठेवलेलं नाही. हॉर्हे गुतिएरेस नावाच्या मेक्सिकन दिग्दर्शकाची ही मालिका आहे, जन्म मेक्सिको सिटीतला, वाढला सीमेवरच्या तिहुआनात, त्यामुळे बाहेरून कुणीतरी येऊन 'चला आता मेक्सिकोचं काहीतरी रंगीबेरंगी करूया' असं केल्यासारखं कुठेही वाटत नाही. ज्याच्या घरातल्या गोष्टी आहेत त्यानंच सांगितल्यात हे जाणवतं.

गोष्ट थोडक्यात सांगते, पुढचं काही फोडत नाही. तेका नावाच्या राज्याची राजकन्या माया पंधरा वर्षांची होतेय. मेक्सिकोत मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे क्विन्सेआन्येरा, फार मोठा सोहळा, मोठा झगा, नातेवाईक, नाच, चर्चमध्ये प्रार्थना, आणि त्या दिवसापासून ती मुलगी मोठी झाली असं धरतात. मायाच्या बाबतीत त्याच दिवशी राज्याभिषेक आहे, आणि तिला मुकुटापेक्षा लढाईत रस आहे, तिचे तिघं भाऊ नावाजलेले योद्धे, वडील राजे, आई तर स्वतः तलवार गाजवलेली राणी. आणि ऐन समारंभात पाताळातून झात्स नावाचा वटवाघळांचा राजपुत्र निरोप घेऊन येतो की युद्धाचा देव लॉर्ड मिक्तलान याला मायाचा बळी पाहिजे, दिली नाहीत तर सगळ्या जगाचा नाश. एवढंच. इथून पुढे जे काही होतं ते या एका मागणीमुळे होतं, आणि राजघराण्यानं मायापासून तिच्या जन्माबद्दल लपवून ठेवलेली एक गोष्ट आहे तीही यातच उघडी पडते.

आता लढाई, जादू, राक्षस, भविष्यवाणी, तीन सोबती, हे सगळं मुलांच्या साहसकथांमध्ये असतंच, त्यात नवीन काही नाही. मला ही मालिका वेगळी वाटली ती बळी या एका गोष्टीमुळे. मेक्सिकोच्या जुन्या संस्कृतींबद्दल शाळेत किंवा टीव्हीवर काही आलं की पहिली गोष्ट काय येते, तर पिरॅमिडवर माणसं कापायचे, आणि तिथेच विषय संपतो. गुतिएरेसनं तो विषय टाळलेला नाही, उलट मधोमध आणून ठेवलाय आणि मुलांना सरळ विचारलंय की बळी मागायचा हक्क कुणाला आहे, आणि कुणी आपणहून स्वतःला दिलं तर ती तीच गोष्ट राहते का. नऊच्या नऊ भाग हा प्रश्न चालू आहे. पहिल्या भागात माया नाही म्हणते, तिच्यासाठी दुसरे उभे राहतात आणि त्याची किंमत तिच्या घराला मोजावी लागते, आणि मग पुढे ती चालत असते तेव्हा हे ओझं तिच्या खांद्यावर असतं, ती हसते, भांडते, चुकते, पण ते ओझं लेखकांनी एकदाही विसरू दिलेलं नाही. मुलांच्या मालिकांमध्ये पुष्कळदा कुणी मेलं तरी पुढच्या भागात सगळे परत हसतखेळत असतात, इथे तसं नाहीये, इथे गेलेला माणूस गेलेला असतो आणि त्याची आठवण काढली जाते.

हा प्रश्न मुळात त्या लोकांच्या कथांमध्येच आहे, गुतिएरेसनं वरून चिकटवलेला नाही, आणि म्हणून मला तो इतका भिडला. नाहुआ लोकांची, म्हणजे ज्यांना आपण अझ्टेक म्हणतो त्यांची, सूर्याच्या जन्माची एक कथा आहे जी सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन नावाच्या पाद्र्यानं तिथल्या जाणत्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून घेतली. जग अंधारात होतं, सगळे देव तेओतिवाकानला जमले, आगीचं मोठं कुंड पेटवलं आणि विचारलं सूर्य कोण होणार. तेक्सिस्तेकात्ल नावाचा श्रीमंत, थाटामाटाचा देव पुढे आला, त्यानं नैवेद्याला महागाची पिसं, सोनं असं सगळं आणलं होतं. दुसरा होता नानावात्सिन, अंगभर फोड आलेला, आजारी, गरीब, त्याच्याकडे द्यायला गवताच्या जुड्या आणि स्वतःच्या खपल्या. तेक्सिस्तेकात्ल चार वेळा कुंडाकडे धावत गेला आणि चारही वेळा धग लागून मागे सरला. मग नानावात्सिनला म्हणाले तू बघ, आणि त्यानं डोळे मिटले आणि सरळ उडी टाकली. तो सूर्य झाला. मग लाजेनं दुसऱ्यानंही उडी टाकली, तो पण तितकाच तेजस्वी होऊन वर आला, तेव्हा एका देवानं त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला म्हणून तो फिका पडला, तो चंद्र. म्हणजे त्यांच्याही चांदोबावर ससाच आहे! लेकीला हे सांगितलं तेव्हा ती गच्चीवर जाऊन बराच वेळ चंद्राकडे बघत बसली होती.

आणि अजून एक कथा आहे, केत्सालकोआत्ल देव पाताळात जाऊन मागच्या जगातल्या माणसांची हाडं घेऊन येतो, वाटेत पडतो, हाडं मोडतात, म्हणून माणसं लहानमोठ्या आकाराची झाली, आणि त्या हाडांच्या पिठावर देवांनी स्वतःचं रक्त सांडलं तेव्हा त्यातून आजची माणसं तयार झाली. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं देवांनी आधी स्वतःला दिलंय आणि माणूस त्यांचं देणं लागतो. हे माहीत असलं की मालिकेतला लॉर्ड मिक्तलान किती वाईट आहे ते नीट कळतं, कारण तो स्वतः काही देत नाही आणि फक्त मागतो, त्याला मायाचं रक्त स्वतःची ताकद वाढवायला हवंय. मालिकेत हे असं समजावून कुणी सांगत नाही, पण बघताना पोटात कळतं की या देवानं देवपणाचा सौदाच मोडलाय. भाचा पाचव्या की सहाव्या भागात एकदम म्हणाला, "मावशी, हा देव घाबरट आहे, स्वतः काहीच सोडायला तयार नाही." मी काही बोलले नाही, त्याचं त्याला दिसलं होतं.

दिसण्याबद्दल बोलायलाच पाहिजे. पात्रं सगळी ठोकळ्यातून कोरून काढल्यासारखी, हात-पाय जाडजूड, कपाळापासून घोट्यापर्यंत नक्षी, पिसं, मणी, कवट्या, आणि प्रत्येक राज्याचे रंग वेगळे. मला सगळ्यात आवडलेली एक युक्ती म्हणजे पडद्याच्या वर आणि खाली सिनेमासारख्या काळ्या पट्ट्या ठेवल्यात, आणि लढाईत जोर आला की भाला, पंख, हाताची मूठ त्या काळ्या पट्ट्यांच्या बाहेर येते, चौकट फोडूनच येते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा लेक मागे सरकली. आपल्याकडे मोठ्या थिएटरात थ्रीडी चष्मा लावून जे होत नाही ते इथे घरच्या साध्या टीव्हीवर होतं, फक्त दोन काळ्या पट्ट्यांच्या जोरावर. फोनवर बघू नका ही मालिका, हे सगळं वाया जाईल, निदान लॅपटॉप तरी घ्या.

आणि ही नक्षी कुठून आलीय ते शोधायला लागलात तर अजून मजा येते. मेक्सिको सिटीच्या मध्यभागी जुन्या तेनोच्तित्लानच्या, म्हणजे अझ्टेकांच्या राजधानीच्या, मुख्य देवळाचे, तेम्प्लो मायोरचे अवशेष आहेत, तिथे गरुडांचं घर म्हणून एक इमारत सापडली आणि तिच्यात पूर्ण माणसाच्या उंचीचे भाजलेल्या मातीचे पुतळे मिळाले. एक आहे गरुड-योद्धा, अंगभर पिसांचा पोशाख, आणि गरुडाच्या उघड्या चोचीतून माणसाचा चेहरा बाहेर डोकावतोय, शांत, तरुण चेहरा. माया ही गरुडाची योद्धा आहे, आणि तो पुतळा इंटरनेटवर बघा आणि मग तिला बघा, नातं लगेच दिसतं. त्याच घरात मिक्तलानतेकुत्ली म्हणजे मृतांच्या राजाचे पुतळे सापडले, अर्धं अंग सोललेलं, दात विचकलेले, हातांचे पंजे पुढे, आणि बरगड्यांखालून यकृत बाहेर लोंबतंय. मी तो फोटो भाच्याला दाखवला, लेकीला नाही दाखवला. हे सगळं आता तिथल्याच तेम्प्लो मायोरच्या म्युझियममध्ये ठेवलंय.

देवांची फौज मात्र नुसती अझ्टेकांची नाही, त्यात माया लोकांचे (ही राजकन्या माया नव्हे, ग्वाटेमाला-युकातानकडची जुनी माया संस्कृती) देव पण घेतलेत, आणि इथे ज्यांना गोष्टींची आवड आहे त्यांच्यासाठी खजिना आहे. वटवाघळांचा देव कामासोत्स, भूकंपाचा देव काब्राकान, हे दोघं थेट 'पोपोल वुह' मधले. पोपोल वुह म्हणजे ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांचा ग्रंथ, त्याची जी प्रत आज आपल्यापर्यंत आलीय ती फ्रान्सिस्को हिमेनेस नावाच्या पाद्र्यानं अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उतरवून घेतलेली, एका बाजूला किचे आणि एका बाजूला स्पॅनिश, आणि ती आता शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. त्यात हुनाह्पू आणि श्बालांके हे जुळे भाऊ पाताळात, शिबाल्बात, तिथल्या मृत्यूच्या सरदारांशी चेंडूचा खेळ खेळायला जातात आणि प्रत्येक रात्री त्यांना एका वेगळ्या घरात कोंडतात, एक अंधाराचं घर, एक थंडीचं, एक जग्वारांचं, एक धारदार सुऱ्यांचं, एक आगीचं, आणि एक वटवाघळांचं. वटवाघळांच्या घरात दोघं आपल्या पोकळ फुंकनळीत शिरून झोपतात, आणि हुनाह्पू पहाट झाली का बघायला डोकं बाहेर काढतो तेवढ्यात कामासोत्स त्याचं डोकं उडवतो. पुढे श्बालांके काय शक्कल लढवतो ते मी सांगत नाही, शोधून वाचा, फारच भन्नाट आहे. काब्राकान तर डोंगर हलवणारा गर्विष्ठ दांडगट, त्याला हे जुळे भाऊ लढून हरवतच नाहीत, पक्षी भाजतात, एकाला पांढरी माती लावून भाजतात, वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, खातो आणि हातापायातलं त्राणच जातं. मालिकेत काब्राकानला डॅनी ट्रेहोचा आवाज आहे, घोगरा, दगडावर दगड घासल्यासारखा, आणि तो आवाज त्या पात्राला इतका शोभतो की पडदा बघितला नाही तरी भूकंपाचा देव बोलतोय हे कळेल.

सिपाक्तली नावाची मगरींची राणी पण आहे, तिला रोझी पेरेझचा आवाज. मूळ कथेत सिपाक्तली म्हणजे आदिम पाण्यातला अवाढव्य मगरीसारखा प्राणी, सांध्यासांध्याला तोंडं, कायम भुकेला, त्याला पकडायला तेस्कात्लिपोका देवानं स्वतःचा पायच आमिष म्हणून पाण्यात सोडला आणि तो गमावला, आणि मग त्या प्राण्याच्या शरीरातून जमीन तयार झाली. बघा, इथेही काहीतरी मिळवायला देवाला स्वतःचं काहीतरी द्यावं लागलंय. मालिकेत एवढं सगळं येत नाही, पण पोरांना भाग संपल्यावर या मूळ कथा सांगितल्या तर रात्रीची झोपायची वेळ टळते हे लक्षात ठेवा.

मायाचे तीन सोबती तीन वेगळ्या राज्यांतले. बेटावरचा रिको, कोंबड्याच्या चिन्हाचा जादूगार, ज्याची जादू धड जमत नाही. जंगलातली चिमी, कवटीच्या चिन्हाची धनुर्धारी, नेम अचूक पण माणसांवर विश्वास शून्य, कारण माणसांनीच तिला टाकलेलं. आणि सोन्याच्या डोंगरांतला पिचू, प्यूमाच्या चिन्हाचा, अंगानं डोंगराएवढा आणि मनानं अतिशय हळवा. माझ्या मते चिमी हे या मालिकेतलं सगळ्यात नीट लिहिलेलं पात्र आहे, मायापेक्षाही. स्टेफनी बेआत्रिसनं आवाज दिलाय, कमी बोलते, तुटक बोलते, आणि तिला पहिल्यांदा कुणीतरी आपलं म्हणतं तेव्हा ती ज्या पद्धतीनं गप्प होते ना, तिथे मला फार वाटलं. पिचूला गेब्रिएल इग्लेसियास आहे, विनोदी कलाकार, पण इथे त्याला विनोदाइतकंच दुःख पण दिलंय आणि त्यानं ते पेललंय. रिको मुलांना सगळ्यात जास्त आवडेल, आमच्याकडे लेक अजून त्याच्यासारखी हातवारे करत फिरतेय.

आता जिथे कमी पडली ते पण सांगते. पहिली गोष्ट म्हणजे मधले भाग जरा ठरल्यासारखे जातात, एका राज्यात जा, तिथला योद्धा शोध, तो आधी नाही म्हणतो, त्याची दुखरी जागा कळते, एक देव येतो, लढाई होते, तो सोबत येतो, आणि मग पुढचं राज्य. तिसऱ्या वेळेला भाच्यानं आधीच ओळखलं काय होणार ते. प्रत्येक राज्याचं चित्र इतकं सुंदर आहे की कंटाळा येत नाही, पण गोष्ट तिथे थोडी सैल पडते. दुसरं म्हणजे माया आणि झात्स यांच्यातलं जे प्रेमप्रकरण आहे ते मला घाईत उरकल्यासारखं वाटलं, डिएगो लूनानं झात्सला इतका चांगला आवाज दिलाय, त्याच्या मनातली ओढाताण आवाजात ऐकू येते, मग त्या दोघांना शांत बसून बोलायला अजून दोन-तीन प्रसंग द्यायला हवे होते. शत्रूचा निरोप्या होऊन आलेला मुलगा आणि जिचा बळी मागितला ती मुलगी, केवढा मोठा विषय आहे हा.

तिसरी तक्रार मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय. मालिकेत अझ्टेक, माया, इन्का आणि कॅरिबियन बेटं असं सगळं एकाच नकाशावर शेजारी-शेजारी ठेवलंय, नावं बदलून, तेका, जंगल, सोन्याचे डोंगर, बेट. काल्पनिक जग आहे, दिग्दर्शकाला तेवढी मोकळीक पाहिजेच, आणि चारही राज्यांनी एकत्र येऊन लढणं हा गोष्टीचा कणाच आहे हे मला कळतं. पण खऱ्या जगात इन्का म्हणजे पेरूचे, दक्षिण अमेरिकेतले, तिथून मेक्सिको हजारो किलोमीटर लांब, भाषा वेगळ्या, देव वेगळे, शेतीची पद्धत वेगळी. ज्या मुलाला यातलं काहीच माहीत नाही त्याच्या डोक्यात हे सगळं एकच होऊन बसतं. आमच्याकडे झालंच, लेक म्हणाली माचू पिचू मेक्सिकोत आहे ना, कारण पिचू मायाचा मित्र आहे. मग भिंतीवरचा नकाशा काढून बसलो. तसंच मिक्तलानचं. नाहुआ कथांमध्ये मिक्तलान ही जागा आहे, मृतांचं नऊ थरांचं जग, आणि तिथला राजा मिक्तलानतेकुत्ली व राणी मिक्तेकासिवात्ल. मालिकेत जागेचंच नाव देवाला दिलंय आणि राणी झालीय लेडी मिक्ते. ते एकवेळ चालेल, पण मूळचा मिक्तलानतेकुत्ली हा काही जगाचा नाश करायला निघालेला खलनायक नव्हता. मिक्तलान ही शिक्षेची जागा पण नव्हती. साध्या मरणानं गेलेले सगळेच तिथे जायचे, चार वर्षांची वाट, नदी ओलांडायला कुत्रा सोबतीला. माणूस कसा जगला यापेक्षा कसा मेला यावर कुठे जाणार ते ठरायचं, लढाईत मेलेला योद्धा आणि बाळंतपणात गेलेली बाई या दोघांचा मान सारखा, दोघंही सूर्यासोबत, बुडून मेलेले पावसाच्या देवाकडे, आणि तान्ही बाळं गेली तर ती एका झाडाखाली, ज्या झाडातून दूध ठिबकतं. किती विचार केलाय बघा त्या लोकांनी. बाळंतिणीला योद्ध्याचा मान देणारी ही कल्पना या मालिकेत कुठेतरी ठसठशीत यायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं, कारण मालिकाच मुळात लढणाऱ्या मुलीची आणि तिच्या आईची आहे.

त्यातल्या त्यात लेडी मिक्तेला मात्र न्याय मिळालाय. केट देल कास्तियोचा आवाज, आणि मृत्यूची देवी म्हणजे वाईट असा सोपा हिशेब मालिकेनं तिच्या बाबतीत केलेला नाही. तिच्याबद्दल जास्त बोलले तर गोष्ट फुटेल म्हणून थांबते, पण मायाच्या आईच्या बाजूनं जी ओढाताण आहे ती बघताना मोठ्यांनाही गलबलून येईल. राणीला आवाज आहे सांद्रा एकिवा यांचा, त्या दिग्दर्शकाच्या पत्नी आणि मालिकेच्या पात्रांच्या रूपामागेही त्यांचं काम आहे, आणि राजाला आवाज खुद्द गुतिएरेस यांचा. म्हणजे पडद्यावरचे मायाचे आईबाप खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको, हे मला नंतर कळलं आणि मग त्या दोघांच्या भांडणाचा प्रसंग परत लावून बघितला.

अजून एक गोष्ट बोलायची राहिली. ही मालिका आली ते वर्ष होतं 2021, आणि तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडलं ते 13 ऑगस्ट 1521 ला, म्हणजे बरोबर पाचशे वर्षं झाली होती. मालिकेत स्पॅनिश आक्रमण नाही, घोडे नाहीत, तोफा नाहीत, सगळी गोष्ट त्या लोकांच्या स्वतःच्या जगात घडते, त्यांच्याच देवांशी. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. हरलेल्या शहराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, हे शहर जिवंत असताना तिथल्या पोरीबाळी काय स्वप्नं बघत असतील ते कुणी दाखवत नाही. आणि ते लोक संपलेले पण नाहीत, नाहुआत्ल भाषा आज मेक्सिकोत 15 लाखांहून जास्त लोक बोलतात, माया भाषा बोलणारे लाखो लोक ग्वाटेमाला, युकातान, चियापासमध्ये आहेत. म्हणूनच मला वाईट वाटतं की मालिकेत या भाषा मुख्यतः नावांमधूनच ऐकू येतात, संवाद इंग्रजी, किंवा ऑडिओ बदललात तर स्पॅनिश. एखादं पूर्ण गाणं, एखादी प्रार्थना नाहुआत्लमध्ये असती तर किती बरं झालं असतं.

संगीत गुस्तावो सांताओलाया आणि टिम डेव्हिस यांचं आहे. सांताओलाया अर्जेंटिनाचे, दोन ऑस्कर मिळवलेले, आणि ते थांबायचं कुठे ते बरोबर जाणतात, मोठ्या लढाईनंतर जिथे दुसऱ्या कुणी ढोल-ताशे वाजवत ठेवले असते तिथे इथे एकच वाद्य हळू वाजत राहतं आणि मागे वाऱ्याचा आवाज. हेडफोन लावून एकदा ऐका.

तांत्रिक गोष्टींत रस असलेल्या पोरांच्या आईबापांसाठी एक माहिती, हे सगळं अ‍ॅनिमेशन कॅनडातल्या टँजंट अ‍ॅनिमेशन स्टुडिओनं ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर केलंय, आणि ब्लेंडर फुकट आहे, कुणीही घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ शकतं. भाच्यानं घेतलं पण, सध्या एक गोल डोनट बनवण्यात मग्न आहे. तो स्टुडिओ मात्र मालिका यायच्या काही महिने आधीच बंद पडला, आणि हे वाचून मला फार हळहळ वाटली, ज्यांनी इतक्या बारकाईनं एकेक पीस आणि एकेक मणी बसवला त्यांना लोकांची वाहवा एकत्र बसून ऐकता आली नाही.

मुलांना दाखवायचं असेल तर माझ्या मते आठ वर्षांच्या पुढे दाखवा, त्याच्या आत नको. रक्ताचे पाट वाहत नाहीत, पण आवडती माणसं मरतात आणि ते मरण खरं असतं, कवट्या आहेत, पाताळ आहे, अक्राळविक्राळ देव आहेत. पहिला भाग तर मोठ्यांनी सोबत बसूनच बघा, आमच्याकडे तो संपल्यावर लेक रडली आणि "त्यांनी तिलाच का मागितलं" हा प्रश्न झोपेपर्यंत विचारत होती, तेव्हा तो रात्री उशिरा लावू नका, संध्याकाळी लावा म्हणजे नंतर बोलायला वेळ मिळतो. मराठीत ऑडिओ नाहीये, त्यामुळे लहान्यांना इंग्रजी भरभर कळत नसेल तर शेजारी बसून सांगावं लागेल, पण संवाद सोपे आहेत आणि चेहऱ्यांवरून बरंच कळतं. रोज एक-दोन भाग पुरे, शेवटचे दोन मात्र एकाच बैठकीत बघा, मध्ये थांबलात तर पोरं तुम्हाला झोपू देणार नाहीत. मोठ्यांनी दुसऱ्यांदा बघताना स्पॅनिश ऑडिओ आणि इंग्रजी सबटायटल लावून बघा, नावांचे उच्चार त्यात जास्त मोकळे आणि नैसर्गिक ऐकू येतात. आणि शेवट आधी कुठे वाचू नका, कुणी सांगायला लागलं तर कान बंद करा, नवव्या भागात माया तिच्याकडे मागितलेल्या गोष्टीचं काय करते ते तिच्याच तोंडून कळू द्या.